डे ला सोल लाइव्ह : जमेल तर जाच

डे ला सोल हा जुना अमेरिकन हिप-हॉप ग्रुप न्यूयॉर्कला येतोय कळल्यावर तिकीट काढायला जराही विचार केला नाही आणि शो बघून आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय, म्हणून इथे पण लिहितो. हिप-हॉपचे लाइव्ह शो बऱ्याचदा फुसके निघतात, रेकॉर्डवर भारी वाटणारा माणूस स्टेजवर मागे स्वतःचाच आवाज लावून त्यावर नुसता ओरडत फिरतो आणि बाजूला त्याची दहा-पंधरा दोस्तमंडळी उगाच उभी. इथे तसलं काही नाही. ग्रुपचा रॅपर पॉस माइक घेऊन पुढे, डीजे मेसिओ टर्नटेबल्सच्या मागे (आणि अर्धा वेळ तिथून बाहेर येऊन नाचताना), आणि शब्द न् शब्द कळतो. पन्नाशी उलटलेली माणसं आहेत पण पॉसचा दम कुठेही कमी पडला नाही.

आता हे इतकं चांगलं का होतं त्याचं माझ्या मते एक कारण आहे. ज्यांना ग्रुप माहीत नाही त्यांच्यासाठी, हे तिघं, म्हणजे पॉस, मेसिओ आणि आता हयात नसलेला डेव्ह, लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिलचे, शाळेपासूनचे मित्र, १९८९ ला प्रिन्स पॉल ह्या निर्मात्याला बरोबर घेऊन 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा पहिला अल्बम काढला. त्यात दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, भरलेत: फंकाडेलिक आहे, स्टीली डॅन आहे, ऑटिस रेडिंगची शिट्टी आहे, लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं गणिताचं गाणं आहे, जे हाताला लागलं ते कापून जोडलंय आणि काय जोडलंय! पण तेच पुढे अंगाशी आलं. आमचा तुकडा न विचारता वापरला म्हणून द टर्टल्स ह्या जुन्या बँडवाल्यांनी कोर्टात खेचलं, आणि नंतर स्ट्रीमिंगचा जमाना आला तेव्हा जुने करार आणि सॅम्पलच्या परवानग्या ह्यात सगळं अडकून बसलं. ३ मार्च २०२३ पर्यंत त्यांचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर नव्हतेच. २०१४ ला तर त्यांनी व्हॅलेंटाइन डेला स्वतःचं सगळं जुनं काम चाहत्यांना फुकट डाउनलोड करायला देऊन टाकलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ह्या लोकांचं पोट मुख्यतः शो करूनच चाललं असणार, आणि समोरचा माणूस आज आपल्याला पहिल्यांदाच ऐकतोय असं धरून गायची जी सवय लागते ती त्यांच्या अंगात मुरलीय.

उदाहरण सांगतो. स्टेजच्या पुढ्यात फोटोग्राफर लोक असतात ना, पॉसने गाणं थांबवून त्यांना कॅमेरे खाली ठेवायला लावले, हात वर करा म्हणाला, सगळ्यांनी केले, एक जण तसाच लेन्समध्ये डोळा घालून उभा होता तर त्याने हात वर करेपर्यंत पुढचं गाणं सुरूच केलं नाही. अख्खा हॉल त्या बिचाऱ्याला आवाज देत होता. मग डावी बाजू विरुद्ध उजवी बाजू, कोण जास्त ओरडतंय. जुनी युक्ती आहे, ते कित्येक वर्षं करतायत, तरी माझा घसा बसला तो बसलाच.

आणि डेव्ह. ट्रुगॉय हे त्याचं स्टेजवरचं नाव. तो गेला १२ फेब्रुवारी २०२३ ला, अल्बम स्ट्रीमिंगवर यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. त्याच्याशिवाय हे कसं वाटेल ह्याची जाम धास्ती होती. पॉसने काय केलं, डेव्हच्या ओळी आल्या की बऱ्याचदा माइक सरळ आमच्याकडे धरला. माझ्या शेजारी एक पन्नाशीच्या बाई होत्या, ऑफिसमधून थेट आलेल्या दिसत होत्या, गळ्यात आयकार्ड तसंच, त्यांनी डोळे मिटून त्याचं पूर्ण कडवं म्हटलं, एक शब्द चुकला नाही. पॉसने नंतर डेव्हचं नाव घेतलं तेव्हा जो आवाज झाला तसा मी कुठल्याच शोला ऐकला नाही. तो गेल्यावर आलेल्या 'केबिन इन द स्काय' ह्या अल्बमवरही त्याचा आवाज आहे, ऐकला नसेल तर ऐका.

'स्टेक्स इज हाय' ह्या गाण्याला जे डिला ह्या निर्मात्याचा तो बीट छातीत बसतो. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ह्यांना पहिल्यांदा ऐकलं ते गोरिलाझ ह्या ब्रिटिश बँडच्या 'फील गुड इंक'मध्ये, २००५ ला, त्यातलं ते सुरुवातीचं वेडं हसू मेसिओचंच, आणि समोर उभं राहून तो तसाच हसतो तेव्हा काटा येतो अंगावर. 'द मॅजिक नंबर'ला मात्र गंमत झाली, आईबापांबरोबर आलेली दहा-बारा वर्षांची पोरं सगळ्यात जोरात गात होती, स्पायडर-मॅनच्या 'नो वे होम'च्या शेवटी हे गाणं आहे ना, तिथून पाठ झालेलं.

तक्रार एकच. हॉलचं नाव घेत नाही पण मागच्या बाजूला बास इतका घुमत होता की पहिली दोन-तीन गाणी चिखल झाली, मग मी सरकत सरकत साउंड डेस्कजवळ जाऊन उभा राहिलो तर तिथे एकदम साफ. तुम्ही आधीच तिथे जागा धरा. आणि मला 'बुलून माइंडस्टेट'मधली अजून गाणी हवी होती, तो त्यांचा सगळ्यात सुंदर अल्बम आहे असं माझं ठाम मत आहे, पण लोक पहिल्या अल्बमसाठी येतात त्याला ते तरी काय करणार. लांबून येणार असाल तरी या, पैसे वसूल आहेत, आणि जायच्या आधी पहिले चार अल्बम ओळीने ऐकून जा, आता तर सगळे फोनवरच मिळतात.