हेक्स मॅप टाइल्स घरी बनवल्या, पावसाळा-उन्हाळा दोन्ही काढले, त्यानंतरचा अनुभव

हेक्सच्या, म्हणजे सहा कोनी घरांचा नकाशा टेबलावर मांडायच्या टाइल्स घरी बनवाव्यात का असं आमच्या ग्रुपात नवीन आलेलं प्रत्येक जण विचारतं, आणि माझं उत्तर आहे की हो, नक्की बनवा, पण त्यावर जितकं कमी छापाल तितक्या त्या जास्त वापरल्या जातील. एवढे महिने वापरून माझं सगळ्यात ठाम झालेलं मत हेच. बाकी मटेरियल, मार्कर, लोहचुंबक यावर खाली सविस्तर लिहिते, पण कोणाला एवढंच वाचून निघायचं असेल तर हे घेऊन जा.

आधी मी काय खेळते ते सांगते म्हणजे संदर्भ लागेल. आमचा पुण्यातला पाच जणांचा ग्रुप आहे, टेबलावर बसून रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाचं एक पात्र आणि गोष्ट सगळे मिळून पुढे नेतात, गेम मी चालवते, आणि सध्याची मोहीम सह्याद्रीवर बेतलेली आहे, म्हणजे घाटवाटा, किल्ले, कोकणात उतरणारे व्यापाऱ्यांचे तांडे वगैरे. प्रवासाच्या नकाशावर एक हेक्स म्हणजे 3 कोस धरलाय. कोस साधारण 3 किलोमीटरचा, त्यामुळे हा हेक्स बाहेर जो 6 मैलांचा हेक्स सगळे वापरतात त्याच्या जवळपास बसतो आणि तयार नियम फार न बदलता चालतात. मारामारी झाली की त्याच टाइल्स उचलून लढाईचा पट मांडायचा, तेव्हा एक हेक्स म्हणजे 5 फूट. एकाच संचाने ही दोन्ही कामं करायला हवीत ही माझी पहिली अट होती.

चौकोन का नको हे नवीन लोकांसाठी पटकन. चौकोनाच्या पटावर तिरकं गेलं की तेच एक घर 1.41 पट लांब पडतं आणि मग तिरक्या चालीचे वेगळे नियम लावत बसा. हेक्सला सहा शेजारी आणि सगळे सारख्याच अंतरावर, मोजायचं आणि चालायचं. वॉरगेमवाल्यांनी, म्हणजे पटावर लढाया खेळणाऱ्यांनी, हे फार आधी ओळखलं, अमेरिकन खेळ-कंपनी अ‍ॅव्हलॉन हिलने 1958 चा आपला गेटिसबर्ग गेम चौकोनांवर काढला होता तो 1961 मध्ये हेक्सवर आणला. आणि 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम आला तेव्हा रानावनातल्या प्रवासासाठी त्याच कंपनीच्या आउटडोअर सर्व्हायव्हल या गेमचा हेक्सचा बोर्ड वापरा असं सुचवलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या गेमचा पट आणून आपली गोष्ट त्यावर चालवणं हे या छंदाच्या पायातच आहे.

आता टाइलचा आकार, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी मजा इथेच आहे. दोन पर्याय असतात. एक म्हणजे हेक्सच्या कडेकडेने नागमोडी कापलेली टाइल, दिसायला सुंदर, आपोआप एकमेकीत अडकते, पण ते दाते पिशवीत जाऊन-येऊन तुटतात आणि मधली एखादी टाइल काढायची तर शेजारच्या सगळ्या हलतात. दुसरा पर्याय म्हणजे सरळ कडांचा एक मोठा षटकोन ज्याचे सहाही कोपरे बरोबर लहान हेक्सच्या मध्यावर येतात. मग प्रत्येक कडेवर अर्धे अर्धे हेक्स येतात आणि कोपऱ्यावर एक तृतीयांश. दोन टाइल्स जोडल्या की अर्धे जुळून पूर्ण, तीन टाइल्स एका कोपऱ्यात आल्या की तीन तुकड्यांचा एक हेक्स पूर्ण. टाइल कशीही फिरवा, जुळतेच! पहिल्यांदा टेबलावर तीन टाइल्स सरकवत आणल्या आणि मधला हेक्स बिनचूक मिटला तेव्हा मी खरंच मोठ्याने ओरडले होते.

हिशोबही सोपा आहे. मोठ्या षटकोनाची बाजू जितके हेक्स लांब, त्याचा वर्ग गुणिले 3 इतके हेक्स त्यात मावतात. माझी बाजू 3 हेक्सची, म्हणून एका टाइलवर 27 हेक्स. हेक्स समोरासमोरच्या कडांमध्ये 27 मिलिमीटरचा ठेवलाय कारण मिनीचा, म्हणजे पात्राच्या छोट्या मूर्तीचा, गोल बेस 25 चा असतो आणि बरोबर इंचाचा हेक्स ठेवला तर शेजारी शेजारी दोन मिनी उभ्या केल्यावर बोट घालायला जागा उरत नाही. 27 घेतला की टाइलची बाजू 81 मिलिमीटर येते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 162, कडेपासून कडेपर्यंत साधारण 140, म्हणजे ए4 कागदावर दोन टाइल्स आरामात छापून आधी कागदी नमुना करून बघता येतो. हा कागदी नमुना करून एक सेशन खेळाच, आपल्या टेबलाला किती टाइल्स लागतील ते त्यातच कळतं.

मटेरियल दोन प्रकारचं वापरलंय आणि दोन्ही संच अजून आहेत. पहिला संच 5 मिलिमीटर सनबोर्डचा, म्हणजे प्लास्टिकच्या फोमच्या हलक्या बोर्डाचा, वरती फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेलं विनाइल स्टिकर, कटरने हाताने कापलेला. फायदे खरे आहेत, हलका, पाण्याचं काही वाटत नाही, मित्राकडे खेळायला न्यायला उत्तम. पण हाताने कापताना टाइलमागे अर्धा मिलिमीटर जरी इकडे तिकडे झाला तरी तो साठत जातो आणि सहाव्या-सातव्या टाइलला फट दिसायला लागते, शिवाय कडेवर अर्धे हेक्स असल्यामुळे छपाई जराशी सरकली की जोडावरचा प्रत्येक हेक्स बारका नाहीतर जाडा दिसतो. कोपरेही दबतात. आणि एक महत्त्वाचं, सनबोर्ड आणि विनाइल लेझरवर कापायला देऊ नका. दोन्ही पीव्हीसीचे असतात, जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि मशीनलाही गंज चढवतो. चांगले लेझरवाले स्वतःच नाही म्हणतात.

दुसरा संच 3 मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा, लेझर कट, आणि आता रोज वापरात हाच. यात छपाई नाहीच. ग्रिड लेझरनेच कोरून घेतली, म्हणजे कापणं आणि कोरणं एकाच मशीनवर एकाच सेटिंगमध्ये, सरकायला वावच नाही. दोन्ही बाजू कोरायच्या तर टाइल कापून निघाली की शीटमध्ये जे भोक उरतं त्यातच ती उलटी करून परत ठेवायची, भोकच साचा होतो. हे मला लेझरवाल्या दादांनी सुचवलं. "ताई, कडा काळपट होतील, चालतील ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्या काळपट कडा रंगवल्यावर दिसतही नाहीत. वरच्या बाजूला धुराचे डाग नको असतील तर कापण्याआधी मास्किंग टेप लावायला सांगा.

कोरताना मी हेक्सच्या पूर्ण रेषा नाही घेतल्या, फक्त जिथे तीन रेषा मिळतात ते कोपरे, म्हणजे तीन पायांची छोटी खूण. हे जरूर करून बघा. डोळा उरलेली रेष आपोआप पूर्ण करतो, मोजताना काही अडत नाही, आणि मॅप जाळीसारखा दिसण्याऐवजी जमिनीसारखा दिसतो.

आता पावसाळा. एमडीएफचा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि तो पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून जास्त पाणी पितो. मी प्रत्येक टाइलच्या कडांना आधी पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात दिला, वाळल्यावर बारीक सँडपेपर, मग प्राइमर, मग अ‍ॅक्रिलिक रंग आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर ग्लॉसचे दोन हात, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. दोन्ही बाजूंना हा शब्द महत्त्वाचा, कारण एकाच बाजूला कोट असेल तर उघडी बाजू ओलावा घेऊन फुगते आणि टाइल पापडासारखी वाकते. तुलनेसाठी दोन टाइल्स मुद्दाम मागून कोऱ्या ठेवल्या होत्या, जुलै संपता संपता त्या टेबलावर ठेवून कोपरा दाबला की टकटक वाजायला लागल्या, आणि कडेवरून नख फिरवलं तर खरखर लागायची. कोट केलेल्या सगळ्या अजून सपाट आहेत. रंगकामाला वेळ जातो, एक अख्खा वीकेंड धरा, आणि पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या, त्याआधी टाइल्स एकावर एक रचल्या तर चिकटतात.

मार्करबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. व्हाइटबोर्ड मार्कर ग्लॉसवर छान पुसला जातो पण खेळताना नुसता हात लागूनही पुसला जातो, आणि दोन-तीन दिवस तसाच राहिला की भूत, म्हणजे फिकट डाग, उरतं. पाण्याने पुसला जाणारा ओएचपी मार्कर (प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर लिहायचा) जास्त बरा, सुकला की हाताने जात नाही आणि ओल्या फडक्याने एका फटक्यात जातो. पाकिटावर बघून घ्या, ओएचपी मार्करमध्ये परमनंटही येतात. लाल रंग हट्टी आहे, मी लाल वापरणं बंदच केलंय. चुकून कोणी परमनंटने लिहिलंच तर त्यावरून व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसायचं, बहुतेक वेळा निघतं. मॅट फिनिशवर ट्यूबलाइट चमकत नाही हे खरं, पण शाई मुरते, म्हणून लिहायचं असेल तर ग्लॉसच.

लोहचुंबक बसवावेत का? एकाच बाजूने वापरायची टाइल असेल तर मस्त. प्रत्येक कडेवर दोन, बाहेरून बघताना डावीकडे उत्तर ध्रुव आणि उजवीकडे दक्षिण, सगळ्या कडांना हाच क्रम, की कुठलीही टाइल कुठेही चिकटते. पण दोन्ही बाजूंनी वापरायची टाइल उलटली की डाव्याचं उजवं होतं आणि ती सरळ टाइलला ढकलायला लागते. शिवाय 3 मिलिमीटर जाडीत चुंबक बसवणं नाजूक काम आहे. माझ्या टाइल्स दुहेरी आहेत, म्हणून चुंबक नाहीत. खाली किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी मॅट अंथरते, टेबलाला धक्का बसला तरी मॅप हलत नाही, आणि खर्च म्हणाल तर चुंबकांच्या मानाने काहीच नाही.

आता जे सुरुवातीला म्हटलं ते. माझ्या टाइल्सची एक बाजू मातकट हिरवी आणि दुसरी करडी, बस. नदी नाही, रस्ता नाही, झाड नाही. पहिल्या सनबोर्डच्या संचावर छापलेली जंगलं, वाटा, एक पडका वाडासुद्धा होता, आणि खेळाडूंना तो वाडा पाठ झाला. "परत तोच वाडा का गं?" असं एकदा ऐकलं की ती टाइल बाजूला पडते. याउलट कोरी टाइल प्रत्येक वेळी नवीन असते. नदी मी निळ्या पारदर्शक प्लास्टिक शीटच्या हेक्सच्या रुंदीएवढ्या पट्ट्या कापून टाकते, खालच्या खुणा त्यातून दिसतात त्यामुळे नदी ओलांडायला किती हेक्स हे मोजता येतं. झाडी म्हणजे गडद हिरव्या फेल्टचे तुकडे, डोंगरकडा म्हणजे फोमचे उतार. करडी बाजू कधी कातळ, कधी किल्ल्याची फरसबंदी, कधी रात्रीचा समुद्र. हे सगळं सुटं असल्यामुळे खेळता खेळता बदलतंसुद्धा, मागच्या महिन्यात पोरांनी बांध फोडला तेव्हा मी नदीच्या पट्ट्या सरळ गावावर सरकवत नेल्या आणि टेबलावर जो आरडाओरडा झाला तो कुठल्याही छापील मॅपने झाला नसता.

माझ्याकडे 20 टाइल्स आहेत, म्हणजे 540 हेक्स, वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि रचून ठेवल्या तर मिठाईच्या मोठ्या डब्यात मावतात. अगदी मोठ्या लढाईलासुद्धा 14-15 पुरतात. नवीन करणाऱ्याने 7 पासून सुरुवात करावी, मधे एक आणि भोवती सहा, 189 हेक्स होतात आणि टेबलावर जेमतेम 42 सेंटिमीटर जागा जाते. उरलेल्या नंतर कापून घेता येतात, फक्त लेझरवाल्याला दिलेली फाइल जपून ठेवा आणि एमडीएफ त्याच जाडीचा मागा, कारण जाडीत थोडा जरी फरक पडला तर जोडावर मिनी डगमगतात.