मेटॅलिका आणि सिम्फनी: १९९९ ची घ्यावी की २०१९ ची?

भाचीने पहिल्या पगारातनं रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि रविवारी शेव-उसळ खाता खाता विचारलं, मामा, मेटॅलिका या हेवी मेटल बँडची ऑर्केस्ट्राबरोबरची एकच रेकॉर्ड घ्यायचीय, जुनी घेऊ की नवी? अडचण अशी की प्लेअर राहणार दांडिया बाजारच्या घरी, हॉलमध्ये, जिथे माझे बाबा दिवसभर आरामखुर्चीत असतात आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीतला स्टेज, चमकीचा कोट आणि किशोरकुमारची गाणी येतात. फोनवर दोन्ही ऐकता येतात हे मलाही माहितेय, पण पैसे एकीचेच आहेत.

आधी जुनी, म्हणजे 'एस अँड एम'. सिम्फनीचा एस आणि मेटॅलिकाचा एम, दुसरा अर्थ बाबांना सांगायची गरज नाही. २१ आणि २२ एप्रिल १९९९, बर्कली कम्युनिटी थिएटर, साधारण साडेतीन हजार खुर्च्या, सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी हा पाश्चात्य वाद्यवृंद आणि समोर छडी घेऊन कंडक्टर मायकल केमन. सगळा खेळ या माणसाचा आहे. १९९१ साली 'नथिंग एल्स मॅटर्स'साठी ऑर्केस्ट्रा त्यानेच लिहिला होता, त्यामुळे बँडला तो नवा नव्हता. आपल्याकडे कसं, एक पेटीवाला गायकाच्या मागे मागे नुसता फरपटत येतो आणि दुसरा गायक श्वास घेतो तेवढ्यात जागा भरून मोकळा होतो, केमन दुसऱ्या जातीतला. बँड जे वाजवतोय तेच व्हायोलिनवर वाजवा असं त्याने बहुतेक ठिकाणी केलंच नाही, वेगळी ओळ लिहिली, कधी बँडला आडवी जाणारी. 'द थिंग दॅट शुड नॉट बी' ऐका, तिथे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, असं काही वर येतं की मूळ गाणं त्याशिवाय अपुरं वाटायला लागतं. 'नो लीफ क्लोव्हर' तर या कार्यक्रमासाठीच केलेलं नवं गाणं, त्यामुळे त्यात कुणी कुणाच्या घरात पाहुणा नाही. 'द कॉल ऑफ क्टुलू'च्या याच वाजवण्याला पुढे ग्रॅमीपण मिळालं.

पण खोट आहे, आणि ती मोठी आहे. जलद गाण्यांत गिचका होतो. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केलेली गिटार स्वरांचा मधला सगळा पट्टा अडवून बसते, आणि चेलो, व्हायोला, ट्रॉम्बोन नेमके त्याच पट्ट्यात राहतात, वरून बँडमधल्या लार्सचे ड्रम, मग ऐकू काय येतं तर वरच्या पट्टीतली व्हायोलिनं आणि ट्रम्पेट, बाकीचे बिचारे हात हलवताना दिसतात. 'बॅटरी' या गाण्याला तर मला कायम नवरात्रातलं मोठं ग्राऊंड आठवतं, जिथे स्टेजवर गायक, ढोल, कीबोर्ड सगळं लाइव्ह आहे आणि आपण शंभर मीटर लांब, तिथपर्यंत ढोल पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, त्यामुळे आपल्या कोपऱ्यातल्या टाळ्या आणि स्क्रीनवर दिसणारा ढोलवाल्याचा हात यांचं काही जमतच नाही. रेकॉर्डिंगमध्ये तसा उशीर नाही, पण गर्दी तीच.

आता नवी, 'एस अँड एम टू'. ६ आणि ८ सप्टेंबर २०१९, सॅन फ्रान्सिस्कोचं चेज सेंटर, बास्केटबॉलचं तेव्हा नवंकोरं अरिना, त्याचं उद्घाटनच या कार्यक्रमाने झालं, लोक मावतात अठरा हजाराच्या आसपास. स्टेज मधोमध, बँड गाभ्यात आणि भोवती सिम्फनी, अगदी गरब्याच्या वर्तुळासारखं. केमन २००३ मध्ये गेला, त्यामुळे छडी एडविन आउटवॉटरकडे आणि काही तुकड्यांना मायकल टिल्सन थॉमसकडे. जुन्या गाण्यांना केमनचंच लेखन वापरलंय, नव्यांसाठी दुसऱ्यांनी लिहिलं, आणि तो फरक कळतो, नव्यांतला ऑर्केस्ट्रा जास्त शहाण्यासारखा वागतो, वाट अडवत नाही, पण भांडतही नाही.

आवाज मात्र कितीतरी मोकळा. 'द आउटलॉ टॉर्न' दोन्हींत आहे, लागोपाठ लावून बघा, २०१९ मध्ये तंतुवाद्यांचा खालचा थर सुटा ऐकू येतो. शिवाय मध्ये सिम्फनीचा स्वतःचा भाग आहे, दोन रशियन संगीतकारांचा, प्रोकोफिएफच्या 'सिथियन स्वीट'चा तुकडा आणि मोसोलोव्हचं 'आयर्न फाउंड्री', हे १९२० च्या दशकातलं, कारखान्याच्या यंत्रांचा धडधडाट ऑर्केस्ट्रावर, म्हणजे मेटल हा शब्द यायच्या कितीतरी आधीचं मेटल, आणि त्यात बँडही सामील होतो. मग सिम्फनीचा बासवाला स्कॉट पिंगेल एकटा उभा राहून क्लिफ बर्टनचा बास सोलो वाजवतो. क्लिफ म्हणजे मेटॅलिकाचा आधीचा बासवाला, १९८६ मध्ये बसच्या अपघातात गेलेला. पिंगेलचं बोट तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा येतो हेडफोनवर, मी तिथे दरवेळी जे करत असतो ते थांबवतो.

इथे तोटा गळ्याचा. १९९९ मध्ये बँडचा गायक हेटफिल्ड ३५ वर्षांचा होता, २०१९ मध्ये ५६ चा. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची चावून थुंकल्यासारखी फेक जुन्या रेकॉर्डमध्येच आहे, नव्यात तो सांभाळून जातो. आणि बासवर जुन्यात न्यूस्टेड, नव्यात त्रुहियो, पण यावरून वाद घालणाऱ्यांना ही निवड करायचीच नसते, त्यांच्याकडे दोन्ही असतात.

(ज्याला मेटलपेक्षा सिम्फनीतच रस आहे त्याने तिसरीकडे जावं, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा २४ सप्टेंबर १९६९ चा रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम. त्यात त्यांच्या कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डने बँड आणि ऑर्केस्ट्रा दोघांसाठी मिळून तीन भागांची रचनाच लिहिलीय, पण ते मला तरी एकमेकांशी अदबीने बोलणाऱ्या व्याह्यांसारखं वाटतं.)

तर माझं मत. मेटॅलिका आधीच पाठ असेल आणि खोली स्वतःची असेल तर १९९९, डोळे मिटून, गिचक्यासकट, कारण ते भांडण परत कुणाला जमलेलं नाही, खुद्द त्यांनाही नाही. हॉलमध्ये अजून कुणी बसणार असेल, त्याला या गोंगाटात काय आहे हे दाखवायचं असेल, तर २०१९.

भाचीच्या बाबतीत मी बाबांची परीक्षाच घेतली. नव्यातलं 'अनफरगिव्हन थ्री' लावलं, त्यात हेटफिल्ड गिटार न घेता नुसत्या ऑर्केस्ट्राबरोबर गातो, बाकी बँड नाहीच. बाबांनी पेपर खाली घेतला, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "गळा बसलाय रे त्याचा, पण जागा सोडत नाही." लगेच जुन्यातलं 'बॅटरी' लावलं तर पेपर परत वर.

२०१९ ची मागवलीय. चार रेकॉर्ड आहेत, म्हणजे दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून बाजू बदलायची, आणि ते काम बाबांनी आत्ताच स्वतःकडे घेतलंय, कारण भाची सुई आपटते म्हणे.