तीन किलोंचा कॅमेरा खाली ठेवल्यानंतरचे अकरा महिने

२०२४च्या दिवाळीनंतर मी आठ वर्षे वापरलेला कॅनन ७डी मार्क २ आणि त्यावरची सिग्माची १५०-६०० मिमी लेन्स बाजूला ठेवली आणि कॅननचाच आर१० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा व आरएफ १००-४०० मिमी ही लेन्स घेतली. त्यानंतरचा हिवाळा, उन्हाळा, रोवणीचा पावसाळा आणि आता धान कापणीला येण्याचे दिवस, इतका काळ ही जोडी माझ्या हातात आहे. घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात सगळेच चांगले वाटते, म्हणून लिहिण्याची घाई केली नव्हती.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा भरण्याआधी आणि सुटीच्या दिवशी जवळपासचे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (बांधांनी वेढलेली शेते) यांतल्या पक्ष्यांची नोंद ठेवते. त्यातही माझे लक्ष सारसावर असते. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, आणि तोही मोजक्या संख्येने. त्यामुळे एखादी जोडी कोणत्या बांधीत उतरली, घरटे कुठे केले आणि पिल्लू किती दिवस सोबत दिसले, ही प्रत्येक नोंद मोलाची असते. माझा कॅमेरा सुंदर चित्रांपेक्षा या नोंदींसाठी अधिक राबतो, आणि खालचे सगळे त्याच नजरेतून लिहिलेले आहे.

आधी वजनाचे. जुना कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ९१० ग्रॅम आणि लेन्स १९३० ग्रॅम, म्हणजे २८४० ग्रॅम. पट्टा, लेन्सचे हूड आणि जादा बॅटरी धरून किराणा दुकानाच्या काट्यावर ते तीन किलोंच्या आसपास भरत असे. नवा कॅमेरा ४२९ ग्रॅम आणि लेन्स ६३५ ग्रॅम, मिळून १०६४ ग्रॅम. खांद्याचे दुखणे कमी व्हावे एवढ्याच कारणासाठी मी हा बदल केला होता, आणि ते दुखणे दीड-दोन महिन्यांत खरोखरच कमी झाले. पण जानेवारीत जुन्या वह्या चाळताना मला जे दिसले, त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

आठ वर्षांच्या माझ्या बहुतेक नोंदी अशा जागांच्या होत्या, जिथपर्यंत स्कूटी जाते. तलावाची पाळ, कालव्याकाठचा कच्चा रस्ता, डांबरी सडकेला लागून असलेल्या बांध्या. याच तलावांच्या मागच्या अंगाला, जिथे पाणी उथळ होत बांध्यांमध्ये मिसळते, तिथली नोंद वर्षातून एखाद-दुसरीच. पक्षी तिथे नव्हते असे नाही. तिथे जायचे तर वीतभर रुंदीच्या धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून अर्धा-पाऊण तास चालावे लागते, पावसाळ्यात तोल सांभाळायला एका हातात काठी लागते, आणि तीन किलोंचे ओझे गळ्यात घेऊन ते मला जमत नव्हते. मी कुठे पाहायचे हे पक्ष्यांनी नव्हे, कॅमेऱ्याच्या वजनाने ठरवले होते, आणि हे माझ्या ध्यानात यायला ते वजन उतरावे लागले. या अकरा महिन्यांत मी एकाच तलावाची मागची बाजू पंचवीसहून अधिक वेळा चालले आहे. जी जोडी वर्षानुवर्षे ‘अधूनमधून दिसते’ असे मी लिहीत आले होते, ती त्या बाजूला जवळजवळ रोज चरायला येते.

हा हलकेपणा कुठून येतो, हे घेण्याआधी समजून घ्यावे, कारण त्याची किंमतही तिथेच दडलेली आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी मापाचाच आहे; तो लहान करून वजन वाचवलेले नाही. आरसा आणि त्यावरचे काचेचे पंचकोनी लोलक गेले, मॅग्नेशियमच्या जाड सांगाड्याची जागा हलक्या बांधणीने घेतली, आणि कॅमेऱ्याचे वजन निम्म्याखाली आले. पण खरी बचत लेन्सची आहे. लेन्स किती प्रकाश आत घेते ते एफ-आकडा सांगतो; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. ६०० मिमीला एफ ६.३ हवा असेल तर सुमारे ९५ मिमी व्यासाची वाट प्रकाशासाठी मोकळी ठेवावी लागते. ४०० मिमीला एफ ८ पुरेसा मानला तर ती ५० मिमीवर येते. काचेचा व्यास असा जवळपास निम्मा झाला की वजन तिपटीने उतरते. म्हणजे कमी झालेले वजन हा मुळात लेन्समध्ये न येणारा प्रकाश आहे, आणि हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा लागतो.

त्याचा हिशेब असा. तेवढ्याच अंतरावरचा पक्षी ४०० मिमीमध्ये ६०० मिमीपेक्षा लहान दिसतो; आर१० चे २४ मेगापिक्सेल जुन्याच्या २० पेक्षा जास्त असले, तरी पक्ष्याच्या अंगावर पडणारे पिक्सेल जवळपास निम्मेच राहतात. सारस पुरुषभर उंचीचा असल्यामुळे निभावते. तळ्याच्या मध्यावर बसलेल्या पट्टकादंबांच्या थव्यातून एखादे वेगळे बदक ओळखायचे असेल तेव्हा मात्र मला जुनी लेन्स आठवते. दुसरी अडचण पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे तलावांवर दाट धुके असते आणि सातच्या आधीचा उजेड एफ ८ ला पुरत नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि पिसांचे बारीक पोत त्यात विरून जातात. लेन्समधले स्थिरीकरण उत्तम आहे. स्तब्ध उभ्या सारसाचे चित्र मी हातात धरून १/६० सेकंदाला स्पष्ट घेतलेले आहे. पण स्थिरीकरण माझा हात थांबवते, पक्ष्याची मान थांबवत नाही. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर वेगवानच ठेवावे लागते आणि तिथे प्रकाशाची उणीव भरून निघत नाही. संगणकावर राखलेले रॉ (प्रक्रिया न केलेले मूळ) चित्र स्वच्छ करून घेते तेव्हा नोंदीपुरते काम होते. मोठ्या छपाईसाठी ती चित्रे मी देणार नाही.

या कमी पोहोचीचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. लेन्स लहान झाली की पाऊल पुढे पडते. सारस पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटे करतो, अंडी बहुधा दोन असतात आणि उबवण महिनाभर चालते. या काळात माणूस वारंवार जवळ गेला तर पक्षी घरटे सोडून उठतो, आणि उघडी पडलेली अंडी कावळ्यांना आणि कुत्र्यांना सापडतात. जुलैमध्ये एका घरट्याचे चित्र लहान येते म्हणून मी एक धुरा ओलांडून पुढे गेले. मादी मान उंचावून उभी राहिली, आणि मी तिथूनच मागे फिरले. त्या दिवसापासून नियम केला आहे की शेतकऱ्याच्या नेहमीच्या पायवाटेच्या पुढे जायचे नाही. चित्र लहान आले तर ते लहानच वहीत लागेल. हलका कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने हा नियम लेन्ससोबतच घरी आणावा असे मला मनापासून वाटते.

फोकसच्या बाबतीत नव्या कॅमेऱ्याने माझे काम किती सोपे केले, हे सांगताना हात आखडता घेणार नाही. माझ्या जुन्यासारख्या, आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग वेगळा असतो आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगळा. दोहोंत केसभर फरक पडला तरी लांब लेन्सवर डोळ्याऐवजी खांदा स्पष्ट येतो, आणि त्यासाठी लेन्सनुसार बारीक जुळणी करत बसावे लागते. मिररलेसमध्ये सेन्सर स्वतःच फोकस मोजतो, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. प्राणी ओळखण्याची सोय चालू ठेवली की चौकट पक्ष्याच्या डोळ्यावर जाऊन बसते आणि तो चालू लागला तरी सोडत नाही. पीक गुडघ्याच्या वर गेले आणि पक्ष्याची फक्त मान लोंब्यांतून दिसत असली, तर ओळखण्याची कोणतीही यंत्रणा चाचपडणारच. अशा वेळी मी एकच मधला बिंदू निवडते आणि जुन्या सवयीने काम करते.

जवळच्या चित्रांचा लाभ मला अनपेक्षित होता. सिग्मा लेन्सला जवळात जवळ २.८ मीटर अंतर लागायचे. ही लेन्स मीटरभरावरून फोकस करते आणि वस्तू ०.४१ पटीपर्यंत मोठी दाखवते. चतुर, फुलपाखरे, कमळाच्या पानावरची बेडके तर झालीच, पण गेल्या ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याच्या बांधीतल्या गादमाशी या किडीमुळे धानाला आलेल्या पोंग्यांची (पोकळ नळीसारख्या कोंबांची) चित्रे मी धुऱ्यावरूनच काढून दिली आणि ती त्यांनी कृषी सहायकांना मोबाइलवर पाठवली. कॅमेऱ्यातले चित्र वाय-फायने लगेच मोबाइलवर घेता येते. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात त्यासाठी घरी येऊन संगणक उघडावा लागे.

इलेक्ट्रॉनिक दर्शिकेची (व्ह्यूफाइंडरची) सवय व्हायला तीन आठवडे लागले. काचेतून सरळ पाहण्यात जी शांतता होती ती पडद्यावर पाहण्यात नाही, आणि झोपवलेला कॅमेरा जागा होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. पण चित्र किती उजळ येणार हे आधीच दिसते, त्यामुळे पांढऱ्या बगळ्याचे अंग जळून जाण्याचे प्रसंग जवळपास संपले. बॅटरीचा मात्र विचार करावा लागतो. जुनी बॅटरी १८६५ एमएएचची होती, ही १०४० एमएएचची आहे, आणि दर्शिका सतत चालू असल्यामुळे सकाळच्या एका फेरीत मला दोन लागतात. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज रात्री केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून कॅमेरा यूएसबी-सीने पॉवर बँकवर चार्ज होतो ही सोय फार उपयोगी पडली. त्यासाठी पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली पॉवर बँकच घ्यावी.

पूर्ण नि:शब्द इलेक्ट्रॉनिक शटर मी घरट्याच्या दिवसांत वापरते आणि इतर वेळी टाळते. त्यात सेन्सर वरून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे मध्येच हललेली वस्तू वाकडी उमटते. शंकरपटात धावणाऱ्या बैलांचे पाय आणि किंगफिशरचे पंख अशा चित्रांत तिरपे होतात. मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) रात्री झाडीपट्टीच्या नाटकाची चित्रे काढताना एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे पडले, तेही याच कारणाने. यांत्रिक शटरवर आल्यावर दोन्ही तक्रारी मिटल्या. सेकंदाला पंधरा चित्रांच्या वेगाने रॉ काढत राहिल्यास दोनेक सेकंदांत कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती भरते. थांबून, निवडून काढण्याची सवय असलेल्याला त्याचे काही वाटणार नाही.

पाऊस हा या जोडीचा कच्चा दुवा आहे. जुना कॅमेरा धूळ-पाण्यापासून चांगला जपलेला होता. आर१० ला आणि या लेन्सला तसे संरक्षण दिलेले नाही. मी दोन्हींवर शिवून घेतलेली मेणकापडी टोपी चढवते आणि घरी आल्यावर सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. सगळा पावसाळा बाहेर काढायचा असेल तर एवढी काळजी घेण्याची तयारी हवी.

एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ज्यांच्या बांधीत गेली चार वर्षे सारस उतरतो, ते काकाजी मला पहिल्यांदा नव्या कॅमेऱ्यासह पाहून म्हणाले, “मॅडमजी, आज तोफ नाही आनली का जी?” गावात त्या लेन्सला तोफ म्हणत हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. रोवणी करणाऱ्या बाया ती पाहून कमरेत वाकलेल्या सरळ होत आणि पदर ओढून घेत, हे मात्र मी स्वतः पाहिले होते, आणि म्हणून रोवणीचे एकही चित्र मी काढत नसे. या आषाढात त्यांनीच हाका मारून बोलावले, गाणे म्हणत पऱ्हे (धानाची रोपे) लावताना चित्रे काढू दिली आणि नंतर लहानशा पडद्यावर ती एकमेकींना दाखवली. पक्ष्याभोवतीच्या माणसांची नोंद माझ्या वहीत प्रथमच आली ती अशी.

सिग्मा लेन्स मी विकलेली नाही. ११० ग्रॅमच्या अडॅप्टरवर ती नव्या कॅमेऱ्याला चालते, आणि जूनमधल्या सारस गणनेत जेव्हा एकाच ठरलेल्या जागी पहाटेपासून बसून राहायचे होते, तेव्हा एकपायी स्टँडवर मी तीच लावली होती. चालण्याचा प्रश्न नव्हता, पक्षी दूर होते, आणि जोडीमागे उभे असलेले पिल्लू त्याच लेन्समुळे मोजले गेले. त्या एका सकाळीखेरीज ती वर्षभर डब्यातच आहे. येत्या जूनपर्यंत तिथेच राहील, आणि दर महिन्याला मी तिचे सिलिका जेल बदलते.