असेंबल पीसी की कंपनीचा तयार? वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून, वर्षभर वापरून

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या घरात दोन पीसी आहेत. माझा नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे पार्ट आणून घरी जोडलेला, चुलतभावाचा नामांकित कंपनीचा, छोट्या डब्यातला तयार. दोन्ही २०२५ च्या सुरुवातीला घेतले. उन्हाळा, पावसाळा आणि कापसाचा हंगाम दोघांवरूनही गेला, म्हणून आता लिहितो.

माझं सामान: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क), ४५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय). ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे आणि ते रॅममधूनच मेमरी घेतं, आणि दोन काड्या एकत्र असल्या की मेमरी जास्त वेगानं मिळते, म्हणून १६ जीबीच्या एका काडीऐवजी ८ च्या दोन घेतल्या. मॉनिटर आणि यूपीएस धरून ३५ हजारांच्या आत बसलं. भावाला जवळपास तेवढ्याच पैशात आय३ आणि ८ जीबी रॅम मिळाली, पण विंडोज ११ लायसन्ससकट. हे लायसन्स हिशेबात धराच. दुकानदार "विंडोज टाकून देतो ना भाऊ" म्हणतो ती बहुतेक चोरीचीच असते. मी उबुंटू टाकलं. पोरगी टायपिंगच्या परीक्षेचा सराव मात्र काकाच्या पीसीवर करते, क्लासवाल्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

वेगाबद्दल दोघांचीही तक्रार नाही. सातबारा, एक्सेल, यूट्यूब यात फरक कळतही नाही. लाइनीनं मात्र दोन्ही पीसींना चांगलंच तावून काढलं.

एप्रिलमध्ये पोरगं अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावत होतं, एकदम ओरडलं, "बाबा, पेटीले करंट हाय!" टेस्टर लावला तर तो पेटला. एसएमपीएसमध्ये लाइनीकडून अर्थिंगकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थिंग नीट नसली की कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण अर्धं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा, पण झिणझिण्या येतात. वायरमननं खड्डा पाहिला. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगला ओल मिळत नाही. मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं, झिणझिण्या गेल्या. भावाच्या पीसीलाही हेच होत होतं, तो यूपीएसला शिव्या घालत होता. उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा, पीसी कोणताही असो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की छोट्या डब्याचा पंखा चक्कीसारखा ओरडतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा खेळते. ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे, माझा भर दुपारीही त्याच्या बराच खाली राहिला. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर सोडू नका, ती हवा ओली असते.

दिवाळीनंतर वेगळंच. भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवला होता, पीसीच्या शेजारच्या खोलीत. पंधरवड्यातच पुढच्या जाळीवर तंतूंचा पांढरा थर बसला, बोटानं ओढला तर सलग पापुद्रा निघाला. माझी जाळी चुंबकाची, काढून झटकली की झालं. भावाच्या डब्याला जाळीच नाही, तंतू थेट हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पात्यांत. ब्लोअर मारताना पंखा काडीनं धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

पावसाळ्यात जवळच वीज पडली तेव्हा दोघांचंही नुकसान झालं. भावाचा पॉवर सप्लाय गेला. वॉरंटी घरपोच, पण "पार्ट यायचा आहे" ऐकण्यात आठवडेच्या आठवडे गेले. हिंगणघाटच्या दुकानात साधा एसएमपीएस होता, पण त्याचा आकारही बसेना अन् पिनही. माझ्या बोर्डाचा लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची जागा) मेला. बोर्डाला तीन वर्षांची वॉरंटी, पण बोर्ड काढून नागपूरला स्वतः न्या, मग वाट पाहा. कोण करते बाप्पा! काहीशे रुपयांचा यूएसबी-लॅन लावला, आजही चालतो आहे. असेंबलमध्ये घरपोच माणूस नाही, हे खरंच. प्रत्येक पार्टचं वेगळं, सिरीयल नंबर लिहिलेलं बिल मात्र मागूनच घ्या.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. इनपुट १००-२४० लिहिलेलं पाहा, काही स्वस्त एसएमपीएसवर २००-२४० असतं. आमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन गेली की पीसी रीस्टार्ट होतो.

वर दिलेला भाव मात्र आज धरू नका. २०२५ च्या शेवटी रॅम भयंकर महागली. दुकानात जुन्या भावाचा तयार पीसी पडला असेल तर सध्या तोच परवडेल. जुने ऑफिसचे पीसीही स्वस्त मिळतात, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत. समुद्रपूरच्या साळ्याला मी आठव्या पिढीचा जुना टॉवरच घ्यायला सांगितलं, तेही आत साधा एसएमपीएस बसतो का हे खोलून पाहूनच.