मैदान आवारात की डोंगराच्या पायथ्याशी?

अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या पुतण्याला वादविवादासाठी विषय मिळालाय: कॉलेजचं फुटबॉल स्टेडियम कुठे आणि कुणाच्या पैशानं बांधावं? 'काका, बाजू कुठली घेऊ?' (फुटबॉल अमेरिकी, म्हणजे चेंडू बहुतेक हातातच; पाय नावापुरता.)

उदाहरण त्याच्या दारातच आहे. विद्यापीठाचं १९६८ चं ह्यूज स्टेडियम फोर्ट कॉलिन्स या त्याच्या गावाच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. गाडी लावायला ऐसपैस जागा, सामन्याआधी डिकी उघडून शेगडीवर मांस भाजायचं, वर डोंगर. पण विद्यार्थ्याला तिथे चालत जाणं अवघड आणि बांधकाम जुनं झालेलं. २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच नवं उभं राहिलं. चालत जाता येतं, पण गर्दी नि गोंगाट शेजाऱ्यांच्या अंगणात.

खर्च? डागडुजी सहसा स्वस्त. नव्याला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, तेही मुख्यतः रोखे काढून, म्हणजे कर्जानं. मग तिकिटं, देणग्या, स्टेडियमला नाव देण्याचे विकलेले हक्क यांतून हप्ते फेडायचे. संघ हरत राहिला तरी हप्ता चुकत नाही, आणि घरचे सामने वर्षाला जेमतेम सहा-सात! मिनेसोटा विद्यापीठानं २००९ मध्ये आवारात बांधलं तेव्हा जवळपास निम्मा भार राज्य सरकारनं उचलला, विद्यार्थ्यांवरही थोडी फी बसली. तिथे बरीच जोखीम करदात्यावर.

पुतण्याला म्हटलं, विद्यार्थी गोळा करायचे असतील आणि देणगीदार पक्के असतील तर आवाराची बाजू घे. तिजोरी हलकी असेल आणि प्रेक्षक गाडीनं येणारे असतील, तर जुनंच दुरुस्त करायची.