आठ महिने खाडीत आणि नदीत: 26 फुटी शिडाच्या बोटीचा अनुभव

बोट घेताना मी वर डोलकाठीकडे बघत होतो. शिडं किती जुनी, दोर कितपत झिजलेत, वाऱ्यावर चाल कशी. आठ महिन्यांनी सांगतो, बघायचं ते बुडाशी. नदीचं मुख आणि उथळ उपसागर यांतच फिरायचं असेल तर बोटीला किती पाणी लागतं, या प्रश्नापुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

आमची बोट वापरलेली, फायबरची, 26 फूट. पाण्याच्या रेषेवर साधारण 22. कील, म्हणजे बुडाखाली पाण्यात उतरणारा जड पाता, वरखाली होणारी. ती पूर्ण सोडली की दीड मीटर पाणी लागतं, वर ओढली की 60 सेंटीमीटरवर भागतं. लहानसं डिझेल इंजिन आहे. चौघं झोपतील असं सांगितलं होतं, ते चौघं एकमेकांचे फारच जिवलग असावेत. दोघांना मात्र जागा ऐसपैस आहे.

एवढ्या लांबीची बोट सव्वासहा नॉटच्या आसपास थकते, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. आमची सरासरी चार नॉट. नदीत ओहोटीचा प्रवाह तीन नॉट असेल तर त्याच्यासोबत किनारा सातने मागे पळतो आणि उलट जाताना एकाने. पहिल्या महिन्यात हे मला पटत नव्हतं. एकाच झाडाकडे तासभर बघत बसल्यावर पटलं. आता निघायची वेळ भरतीचं कोष्टक ठरवतं, आणि तीही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शनिवार-रविवारच्या सुटीशी तिचं कधीच जमत नाही.

आता आमच्या फजितीबद्दल. चौथ्या महिन्यात, भरती उलटून दोन तास झाल्यावर, एका वळणावर आतल्या बाजूने निघालो. (वळणावर खोल पाणी बाहेरच्या काठाला असतं, आतल्या काठाला गाळ बसतो. वाचलेलं होतं. जवळचा रस्ता दिसला की वाचलेलं आठवत नाही.) खोली दाखवणाऱ्या यंत्रावर आकडा होता 1.1 मीटर. कीलखाली अजून मीटरभर पाणी आहे या समजुतीत मी निवांत. बोट आवाज न करता, गादीवर टेकावं तशी थांबली. यंत्र मोजत होतं बुडाला बसवलेल्या सेन्सरपासून, आणि सेन्सर पाण्याखाली 40 सेंटीमीटर. एक पूर्णांक एक अधिक चाळीस सेंटीमीटर म्हणजे बरोबर दीड मीटर. आधीच्या मालकाने ते तसंच ठेवलं होतं आणि चार महिन्यांत मी एकदाही काठी घालून ताडून बघितलं नव्हतं.

कील वर ओढली असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो. हँडल अर्धा फेरा फिरलं आणि अडलं. कीलच्या खाचेत शिंपल्यांचे तुकडे जाऊन बसले होते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने उतरतं: एकूण चढउताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक जातो, दुसऱ्यात दोन, मग तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. त्या दिवशी फरक तीन मीटरचा होता. म्हणजे पुढचे दोन तास दर मिनिटाला सेंटीमीटरहून जास्त पाणी आमच्या खालून निघून जाणार. शीड ताणून बोट एका कुशीवर कलवायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. एक काम मात्र वेळेत झालं. लहान होडीतून दुसरा नांगर नेऊन खोल पाण्याच्या दिशेला टाकला, म्हणजे परतीची भरती आम्हाला आणखी वर ढकलणार नाही.

"म्हणजे आता साडेआठ तास असंच तिरकं बसायचं?" बायकोने विचारलं. हो, तसंच. बोट कलत कलत पंचवीस अंशांवर जाऊन विसावली. कपाटं आपोआप उघडली. संडासात समुद्राचं पाणी खेचणारं छिद्र हवेत आल्यामुळे तीही सोय बंद. चहूकडे चकचकीत चिखल, त्यातून हळूहळू डोकी काढणारे खेकडे. खाली उतरून ढकलायचा मोह आवरा. मऊ गाळात माणूस मांडीपर्यंत जातो आणि त्याला बाहेर काढायला दुसरा माणूस उरत नाही.

नांगराबद्दल माझं मत पूर्ण बदललं. सोबत मिळालेला नांगर आकाराने शोभेचा होता. तो बदलून रुंद फाळाचा, एक माप मोठा घेतला. साखळीचा हिशेब असा: पाणी तीन मीटर, पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची एक, भरतीने चढणारं पाणी अडीच, एकूण साडेसहा. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे साडेबत्तीस मीटर. पूर्वी मी नुसत्या तीन मीटरला पाचने गुणत होतो आणि रात्री भरती चढली की बोट हिंडायला निघत होती. नांगर टाकल्यावर साखळीवर तळहात ठेवून बघा. तो धरत नसेल तर घसरताना साखळी थरथरते, ते हाताला लगेच कळतं. सकाळी वर येणारा चिखल हा वेगळाच छळ आहे. बादली आणि लांब दांड्याचा ब्रश नाळेवरच बांधून ठेवा.

वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असेल तर बोट नांगरावर रात्रभर वेड्यासारखी फिरते. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

शिडांबद्दल थोडक्यात. नदीत वारा पात्राच्या रेषेत वळतो, म्हणजे एक तर पाठीवर किंवा तोंडावर. अरुंद जागेत तोंडावरच्या वाऱ्याला आडव्यातिडव्या फेऱ्या मारण्याची हौस दोन वळणांत फिटते. आठ महिन्यांत पाण्यावर काढलेल्या 41 दिवसांपैकी इंजिन अजिबात न लावलेले दिवस पाच, तेही सगळे मोकळ्या उपसागरातले. त्यामुळे इंजिनाला थंड पाणी पुरवणारी गाळणी दर फेरीनंतर उघडून साफ करतो. शेवाळ आणि पानं मूठभर निघतात.

शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात, हा गैरसमज असेल तर तो धक्क्यावरच सोडून या. समुद्रातली टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियम स्पष्ट आहे: अरुंद मार्गात, ज्या जहाजाला त्या मार्गाबाहेर जाताच येत नाही त्याला शिडाच्या किंवा 20 मीटरपेक्षा लहान बोटीने अडवायचं नाही. आम्ही कील अर्धी उचलून खोल मार्गाच्या कडेबाहेरूनच जातो. मोठ्या बोटींना हे जमत नाही, आणि या बोटीवर माझं प्रेम बसण्याचं निम्मं कारण हेच.

मच्छरदाणी प्रत्येक खिडकीला हवी.

पुन्हा हीच बोट घेईन का? घेईन, पण व्यवहारापूर्वी कील माझ्यासमोर पाच वेळा खाली-वर करून दाखवायला लावीन. यंत्राचा आकडा आता कीलच्या टोकापासून लावून घेतलाय. तरीही दर मीटरला गाठ मारलेली, टोकाला शिसं बांधलेली दोरी सुकाणूशेजारी अडकवून ठेवली आहे, आणि अनोळखी पाण्यात शिरताना ती टाकायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलंय. माझ्यावर सोडायला ती तयार नाही.