फायरफॉक्सचे बुकमार्क लावायला घेतले, त्याला नऊ महिने झाले

भाडेपट्ट्याचा करार होता. संध्याकाळी सहापर्यंत मराठी करून द्यायचा होता आणि पावणेपाच वाजता मी 'ईझमेंट'वर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्यासारख्या हक्काच्या शब्दावर, अडकलो. 'वहिवाटीचा हक्क' लिहायचं की 'सुविधाधिकार'? दोन्हींमधला फरक समजावून सांगणारं एक चांगलं पान तीन वर्षांपूर्वी वाचलं होतं. बुकमार्कही केलं होतं, अगदी खात्रीने. ते कुठे ठेवलं होतं, हेही अर्धवट आठवत होतं: काम, त्यात कायदा, त्यात करार, त्यात 'महत्त्वाचे', आणि त्या 'महत्त्वाचे'मध्ये आणखी एक 'महत्त्वाचे'. वीस मिनिटं शोधलं. शेवटी 'सुविधाधिकार' लिहून काम पाठवून दिलं. ते पान दुसऱ्या दिवशी सापडलं, 'प्रवास' नावाच्या फोल्डरमध्ये. नाव होतं 'मुख्यपृष्ठ'.

हे दिवाळीच्या आधीचं. सुट्टीत फराळाचे डबे आणि बुकमार्क दोन्ही समोर घेऊन बसलो. मोजले तर 2,860 निघाले. आता नऊ महिने होत आलेत, म्हणून काय उपयोगी पडलं आणि कशात वेळ फुकट गेला ते लिहितो. मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करतो. दिवसभर ब्राउझरच उघडा असतो आणि तो फायरफॉक्स आहे. क्रोम वापरणाऱ्यांना यातलं निम्मं लागू पडेल. टॅगचं, म्हणजे बुकमार्कला लावायच्या छोट्या खूणचिठ्ठ्यांचं, लागू नाही, कारण क्रोमच्या बुकमार्कमध्ये टॅगच नसतात.

सगळ्यात आधी कबूल करतो की पहिले तीन आठवडे मी चुकीचं काम केलं. मला वाटलं, फोल्डर नीट लावले की झालं. वहीत झाड काढलं. काम, घर, वाचन, पैसे. कामाखाली कायदा, वैद्यकीय, जाहिरात, शालेय. त्याखाली आणखी फांद्या. तीन आठवडे रोज रात्री तासभर बसून एकेक पान जागेवर ठेवलं. सुंदर दिसत होतं. आणि जानेवारीत पुन्हा शोधायला गेलो तर पुन्हा तेच! वैद्यकीय विम्याच्या पॉलिसीतल्या शब्दांची यादी 'वैद्यकीय'मध्ये ठेवली, 'कायदा'मध्ये की 'पैसे'मध्ये? ठेवताना मनात एक असतं, शोधताना दुसरंच. आमची आजी डब्यांवर चिठ्ठ्या लावायची नाही, पण हिंग कुठे आहे हे तिला अंधारातही माहीत असायचं, कारण डबे वीस होते. माझे डबे अठ्ठावीसशे.

मग ध्यानात आलं की मी फोल्डर उघडून शोधतच नाही. कुणीच शोधत नसावं. मी वर पत्त्याच्या पट्टीत दोन-चार अक्षरं टाइप करतो आणि खाली काय येतं ते बघतो. म्हणजे खरं काम फोल्डरचं नाही, नावाचं आहे. बुकमार्क करताना ब्राउझर पानाचं जे शीर्षक असेल तेच नाव म्हणून उचलतो, आणि आपल्याकडच्या संकेतस्थळांची शीर्षकं म्हणजे 'मुख्यपृष्ठ', 'स्वागत आहे', नाहीतर संस्थेचं भलंमोठं नाव आणि त्यापुढे काहीच नाही. माझ्याकडे 'मुख्यपृष्ठ' नावाचे एकेचाळीस बुकमार्क होते. एकेचाळीस!

तेव्हापासून एकच सवय लावून घेतली. कंट्रोल-डी दाबलं की छोटी खिडकी उघडते, त्यात नाव निळं होऊन तयारच असतं. ते पुसतो आणि सहा महिन्यांनी मी काय टाइप करीन ते लिहितो. त्या भाडेपट्ट्यावाल्या पानाचं नाव आता 'ईझमेंट सुविधाधिकार वहिवाट फरक' असं आहे. वाचायला वाक्य नाही, पण तिन्हींतला कुठलाही शब्द आठवला तरी सापडतं. दहा सेकंद जातात. नऊ महिन्यांत याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा झाला नाही.

इथे मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक कटकट सांगायलाच हवी, कारण ती मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. मार्चमध्ये 'शेतकऱ्यांसाठी' अशा नावाने ठेवलेलं एक पान शोधत होतो. पूर्ण शब्द टाइप केला, काही आलं नाही. फक्त 'शेतक' टाइप केलं की लगेच हजर. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडलं. 'ऱ्या'मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' आणि हलन्त येतो, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. मी बुकमार्क फोनवरून ठेवला होता आणि शोधत होतो लॅपटॉपवर. इतकी वर्षं मुद्रितं तपासतोय आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चुकीने मला गाठलं ते इथे. आता नावात असे शब्द शक्यतो टाळतो, किंवा शोधताना जोडाक्षराच्या अलीकडेच थांबतो. 'सुर्य' की 'सूर्य' छापाच्या ऱ्हस्व-दीर्घालाही हाच उपाय: कमी टाइप करायचं.

पत्त्याच्या पट्टीत आधी तारांकन (*) टाकून जागा सोडली की फायरफॉक्स फक्त बुकमार्कमध्ये शोधतो. अधिकचं चिन्ह टाकलं की फक्त टॅगमध्ये. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर बुकमार्क, जुना इतिहास आणि गुगलच्या सूचना यांच्या गर्दीतून वाट काढत होतो.

टॅगबद्दल माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला वेड लागलं. एका पानाला चार-चार टॅग. एकच पान 'विमा' आणि 'वैद्यकीय' दोन्हींत बसतं, फोल्डरचं दुखणंच संपलं असं वाटलं. एप्रिलमध्ये मोजले तर टॅग 140 झालेले. त्यात 'भाषांतर', 'भाषान्तर' आणि 'अनुवाद' तिघेही वेगवेगळे नांदत होते. 'शुद्धलेखन' होतं, 'प्रमाणलेखन' होतं, आणि माझ्याच हाताने 'शुध्दलेखन'ही पडलेलं होतं, ते मी कुणाला दाखवलेलं नाही. छाटून अकरा ठेवले. टॅग हे विषयासाठी नाहीत असं आता माझं मत झालंय, कारण विषय नावातच येतो. टॅग ठेवायचे ते कामाच्या अवस्थेचे: 'वाचायचं', 'ग्राहकाला पाठवलं', 'पुन्हा तपासायचं'. काम झालं की टॅग काढायचा. कुठल्याच पानाला न उरलेला टॅग यादीतून आपोआप नाहीसा होतो, ते बरं आहे. एक बारकावा असा की टॅग बुकमार्कला नाही, पत्त्याला चिकटतो. एकच पान दोन फोल्डरमध्ये असेल तर एकीकडे लावलेला टॅग दुसरीकडेही दिसतो.

आणि फोनवर टॅग दिसत नाहीत. फोनवरून ठेवलेलं सगळं मोबाइलच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साचत राहतं. रविवारी सकाळी चहा घेताना ते उपसतो. बहुतेक वेळा त्यात बायकोने 'हे बघ' म्हणून पाठवलेल्या भाकरीच्या तव्यांच्या लिंका असतात.

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट म्हणजे कीवर्ड. फायरफॉक्समध्ये प्रत्येक बुकमार्कला एक कीवर्ड, म्हणजे छोटा खुणेचा शब्द, देता येतो. पत्त्याच्या पट्टीत तो टाइप करून एंटर दाबलं की ते पान उघडतं. खरी गंमत त्यापुढे आहे. बुकमार्कच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीतला धाकटा एस (%s) लिहिला, की कीवर्डनंतर तुम्ही जे लिहाल ते बरोबर त्या जागी जाऊन बसतं. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयाने मोल्सवर्थचा 1857 सालचा मराठी-इंग्रजी कोश जालावर ठेवला आहे. तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचाही. मी मोल्सवर्थमध्ये एक शब्द शोधला, पत्ता बुकमार्क केला, पत्त्यातला तो शब्द काढून त्याजागी ते चिन्ह ठेवलं आणि कीवर्ड दिला 'मो'. दात्यांना 'दा', तुळपुळ्यांना 'तु'. आता कुठूनही 'मो वहिवाट' एवढं लिहिलं की मोल्सवर्थमधली नोंद समोर. कीवर्ड देवनागरीतच ठेवल्यामुळे कळफलक बदलायचीही गरज नाही. पूर्वी कोश उघडा, खिडकी शोधा, शब्द डकवा, यादीतून निवडा असा प्रवास होता. दिवसात तीस-चाळीस वेळा तो करत होतो. एवढ्या एका सोयीसाठी मी हा ब्राउझर सोडणार नाही. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांसाठी मात्र मी साधा कीवर्डच ठेवलाय. पान उघडतं, शब्द तिथे जाऊन टाइप करतो. तेवढंही पुरतं.

वरच्या बुकमार्कच्या पट्टीवर आता चार फोल्डर आणि सात चिन्हं आहेत. चिन्हं म्हणजे नाव पूर्ण पुसून टाकलेले बुकमार्क. नाव नसलं की फक्त संकेतस्थळाचं चित्र उरतं आणि जागा वाचते. चार फोल्डरांपैकी 'सकाळ' हे सगळ्यात कामाचं. त्यावर माउसचं मधलं बटण दाबलं की आतली सहाही पानं एकदम उघडतात: मेल, हिशेबाचा तक्ता, दोन ग्राहकांची कामाची पानं, बँक, हवामान. पंधरा किंवा जास्त पानं असली तर ब्राउझर आधी विचारतो, खरंच उघडू का? मला एकदा विचारलं होतं. तेव्हा 'सकाळ'मध्ये बावीस पानं होती. ती काही सकाळ नव्हती.

एका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागला. पत्त्याच्या पट्टीतल्या बुकमार्कच्या ताऱ्यावर टिचकी मारली की पान मागच्या वेळी वापरलेल्या फोल्डरमध्ये जातं. सलग काम करताना सोयीचं आहे. पण खिडकीकडे न बघता एंटर मारलं तर पुरणपोळीची कृती 'करार' फोल्डरमध्ये जाऊन बसते. भाडेपट्ट्याचं पान 'प्रवास'मध्ये कसं गेलं होतं, त्याचंही हेच उत्तर. त्या आठवड्यात आम्ही तारकर्लीला जायचं ठरवत होतो.

आता माझा मूर्खपणा. दुसऱ्याच महिन्यात एक फोल्डर चुकून पुसलं. त्या क्षणी लायब्ररीच्या, म्हणजे सगळे बुकमार्क जिथे लावता येतात त्या, खिडकीत कंट्रोल-झेड दाबलं असतं तर ते परत आलं असतं. मला ते सुचलं नाही. मी बुकमार्कांची आठवड्यापूर्वी काढून ठेवलेली प्रत (जेसन फाईल) परत बसवली. ब्राउझरने स्पष्ट विचारलं की आत्ताचे सगळे बुकमार्क जाऊन हे येतील, चालेल का? मी न वाचता 'हो' म्हटलं. आठवडाभराची मेहनत गेली, आणि सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच यादी ठेवणारी सोय, चालू असल्यामुळे दुसऱ्या लॅपटॉपवरही तीच जुनी यादी इमानेइतबारे पोचली. सिंक म्हणजे बॅकअप, हा समज त्या दिवशी फिटला. सुदैवाने फायरफॉक्स स्वतःहून रोजच्या प्रती काढून ठेवतो, साधारण पंधरा. त्यातली आदल्या दिवशीची प्रत बसवून गाडी रुळावर आणली.

तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला एचटीएमएल फाईलही काढतो आणि पेनड्राइव्हवर ठेवतो. ती आयात केली तर आहे त्यात भर पडते, आधीचं पुसलं जात नाही, आणि कुठलाही ब्राउझर ती वाचतो. एकदा कुतूहलाने ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव! तो ब्राउझर कधीच गेला, पण त्याने पाडलेला साचा आजही सगळे वापरतात. तुलनेत बाकीचं बघा. गुगल बुकमार्क्स 2021 मध्ये बंद झालं. मोझिलाचंच पॉकेट, ज्यात मी 'नंतर वाचू' म्हणून लेख टाकत होतो, ते जुलै 2025 मध्ये बंद झालं. तिथून लिंका काढून इकडे आणल्या. दोनशेच्या वर होत्या. वाचलेल्या किती असतील, विचारू नका.

मेलेल्या लिंकांचं दुःख वेगळंच. 2,860 मधले सातशेच्या आसपास पत्ते एकतर उघडलेच नाहीत किंवा भलत्याच पानावर गेले. यात ब्राउझर काही करत नाही. तो तुमच्यासाठी पत्ता ठेवतो, पान नव्हे. एका खात्याचं संकेतस्थळ नव्या पत्त्यावर गेलं आणि माझी चाळीस परिपत्रकं एका दुपारी गेली. त्यातली काही जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली. तेव्हापासून ज्या पानावर माझं काम अवलंबून आहे त्याची पीडीएफ काढून ठेवतो आणि बुकमार्कच्या नावात 'पीडीएफ आहे' असं लिहितो.

भाचा गेल्या महिन्यात आला होता. शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामा, एवढं कशाला? गुगल केलं की येतंच ना सगळं." मी त्याला 'मो' लिहून दाखवलं. त्याला काही विशेष वाटलं नाही. मग 'सकाळ'वर मधलं बटण दाबून दाखवलं. त्यावर मात्र थांबला, म्हणाला, "हे माझ्या लॅपटॉपवर करून दे." त्याच्या पट्टीवर दोन बुकमार्क होते. एक कॉलेजचा, एक 'मुख्यपृष्ठ'.

आता माझ्याकडे सहाशे वीस उरलेत. 'सॉर्ट करायचे' नावाचं एक फोल्डर अजून तसंच आहे, त्यात एकशे ऐंशी. पावसाळ्यात लाइट गेली नाही तर या शनिवारी बसतो त्याला.